कागदावर भरतकाम: संक्रांतीची भेटकार्डं

रानजाई

मंडळी, यंदा संक्रांतीची भेटकार्डं घरीच करतेय. चमकी, टिकल्या, रंग काही नाही, फक्त सुईदोरा. इथल्याच मागच्या एका चर्चेच्या धाग्यावर मी हे ओझरतं लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणींनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कृती विचारली. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा हा धागा बरा.

कापडावर भरतकाम येत असेल तर टाके शिकायची गरज नाही. पण एक सवय मोडावी लागते. कापडावर टाका उसवला की सुईचं भोक मिटून जातं, कागदावर ते कायमचं राहतं. म्हणून इथे विचार टोचतानाच करायचा, दोरा ओवायची वेळ येईपर्यंत नक्षी ठरून गेलेली असते. आणि भोकं जितकी कमी तितकं कार्ड टिकतं. जवळजवळ भोकं पाडली तर पोस्टाच्या तिकिटासारखा कागद त्या रेषेवर फाटतो. मी दोन भोकांत तीन ते चार मिलिमीटर अंतर ठेवते, नाजूक वळणावर अडीच. त्याखाली नाही.

कागद: २०० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). साधा प्रिंटरचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, तो दोरा ओढताच चिरतो. ३०० च्या वर गेलात तर टोचताना बोटं दुखतात आणि घडी नीट बसत नाही. माझं मत विचाराल तर सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद सगळ्यात उत्तम. त्यातले तंतू लांब असतात, एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे भोकाची कड पटकन तुटत नाही. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिकडे गेलात तर कागद हातात घेऊन, वाकवून बघून घ्या.

सुई: भरतकामाची ९ किंवा १० नंबरची. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी. तीच सुई टोचायलाही वापरायची. टाचणीने किंवा कंपासच्या टोकाने टोचलं तर भोक मोठं होतं आणि दोरा त्यात सैल पडतो. नुसती सुई धरून बोटाला कळ लागते, म्हणून तिचा नेढ्याकडचा भाग बाटलीच्या बुचात खोचून घ्या. खाली जुना माऊसपॅड किंवा योगा मॅटचा तुकडा. थर्मोकोलही चालतो, पण त्याचा भुगा सगळीकडे होतो.

कृती अशी. नक्षी पातळ कागदावर काढायची, कार्डावर ठेवून चार कोपऱ्यांना कागदी टेप लावायची आणि सुलट बाजूने टोचायचं. सुई अगदी सरळ उभी. तिरकी गेली तर मागे भलत्याच जागी निघते. टोचून झालं की कार्ड उजेडासमोर धरून बघा, राहिलेलं भोक लगेच कळतं. मागच्या बाजूला प्रत्येक भोकाभोवती कागदाची बारीक कड वर आलेली असते, ती नखाने दाबू नका, भोक बुजतं.

दोरा एकपदरी किंवा दोनपदरी, हातभर लांब, त्याहून जास्त नको. गाठ मारायची नाही! गाठीचा उंचवटा पुढून दिसतो आणि ओढली तर ती भोकातून सरळ पुढे येते. दोऱ्याचं टोक मागे टेपने चिकटवा. फेविकॉल लावू नका, ओलीने कागद फुगतो. दोरा ओढताना कार्डाशी काटकोनात ओढा. आडवा ओढला की भोकाची कड कापली जाते.

आता नक्षी. काळ्या कार्डावर चंद्रकळा करतेय. चांदीच्या रंगाच्या दोऱ्याने छोट्या फुल्या, एका फुलीला चार भोकं, भरपूर मोकळी जागा सोडून. खाली तांबड्या दोऱ्याने काठ, उलट्या टीपेच्या दोन रांगा. दुसऱ्या प्रकारात काळ्यावर पांढऱ्या फ्रेंच नॉट (सुईला दोऱ्याचे वेढे देऊन केलेल्या गाठी), म्हणजे हलवा. फ्रेंच नॉटला एक युक्ती लागते. कापडावर सुई आली त्याच्या अगदी शेजारी परत खाली जाते. कागदावर तसं केलं तर दोन्ही भोकं एक होतात आणि गाठ मागे पडते. म्हणून इथे अडीचच्या नियमाला अपवाद करून दोन भोकांत दोन मिलिमीटर ठेवायचे, दोरा तीनपदरी घ्यायचा आणि सुईला दोन वेढे. गाठ मग त्या दोन भोकांच्या मधल्या कागदावर बसते.

भरीव टाका मात्र कागदावर विसरा. पानं-पाकळ्या भरायच्याच असतील तर एका कडेला भोकं आणि समोरच्या कडेला भोकं, मध्ये तिरके मोकळे दोरे. तेच शोभतं.

---

घरधनीण

वाखुसा (वाचनखूण साठवली)! चंद्रकळेचं कार्ड ही कल्पना भारीच. फोटो टाक ना गं.

---

मिरजकर

छान लिहिलंय. एक शंका. काळं कार्ड आणलं, टोचलं, तर प्रत्येक भोकाभोवती पांढरं कडं दिसतंय. सुई बदलून बघितली, फरक नाही.

---

रानजाई

@मिरजकर, सुईचा दोष नाही. काही काळी कार्डं आतून पांढरी असतात, फक्त वरचा थर काळा. घेताना एक कोपरा फाडून बघायचा. आतपर्यंत रंग असेल तर तेच घ्या. आणलेलं वाया घालवू नका, त्यावर पांढरा दोरा वापरा, कडं त्यात लपून जाईल.

@घरधनीण, फोटो आज रात्री. उजेड नीट पडला तरच चांदी दिसते.

---

सदाशिवपेठी

धागा वाचला. राग मानू नये, पण याला भरतकाम का म्हणायचं? आधी भोकं पाडून ठेवायची आणि मग त्यातून दोरा ओवायचा. बालवाडीत मुलांना पुठ्ठा आणि बुटाची नाडी देतात, त्यातलाच प्रकार झाला. भरतकामात हात फिरतो, टाक्याला ताण असतो, कापड रिंगात बसवलेलं असतं. इथे सगळं आधीच ठरलेलं.

---

घरधनीण

आले! आता काथ्याकूट सुरू.

---

खणचोळी

सदाशिवपेठी काका, जरीकाम करणाऱ्यांकडे कधी बघितलंय का? साडीवर नक्षी उतरवायला ते आधी पातळ कागदावर नक्षी काढतात आणि सुईने टोचून टोचून तिचा खाका करतात. मग तो कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा पांढरी पूड पुसतात. भोकांतून ठिपके खाली उतरतात आणि त्यावरून टाके. म्हणजे कापडावरही 'सगळं आधीच ठरलेलं' असतंच की. इथे फरक एवढाच की खाका फेकून द्यायचा नाही, त्यावरच टाका घालायचा.

माझी आई साड्यांवर काम करायची, तिच्या खाक्यांची गुंडाळी अजून घरात आहे. हा धागा वाचून तिला म्हटलं, एखादा कार्डावर ठेवून टोचूया. ती म्हणाली, साडीची बुट्टी कार्डाला मोठी होईल, काठाचीच नक्षी घे. बरोबर होतं तिचं.

---

डेल्फ्टवासी

इकडे हॉलंडमध्ये कागदावरचं भरतकाम हा चांगला रुळलेला छंद आहे. छंदाच्या दुकानात टोचायच्या तयार जाळ्या, सुया, नक्षीची पुस्तकं मिळतात. आमच्या शेजारच्या आजी नाताळची सगळी कार्डं अशीच करतात. त्यांच्याकडची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. त्या काही भोकं मुद्दाम उलट्या बाजूने टोचतात आणि त्यांत दोरा घालतच नाहीत. सुलट बाजूला उंचवट्याचे ठिपके येतात, तीच नक्षी. दोऱ्याची फुलं आणि भोवती नुसत्या टोचलेल्या ठिपक्यांची जाळी, फार देखणं दिसतं.

सदाशिवपेठींच्या मुद्द्यावर थोडं. युरोपात भरतकामाची कार्डं पहिल्या महायुद्धात फार खपली. फ्रान्समध्ये असलेले सैनिक ती घरी पाठवत. पण ते काम कागदावर नसायचं. रेशमी जाळीच्या पट्ट्यांवर बायका भरतकाम करायच्या, मग पट्ट्या कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायच्या. अशी कार्डं १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात आधीच मांडली गेली होती. त्यामुळे ज्यांना 'खरं' भरतकाम हवं त्यांनी कापडाचा तुकडा खिडकीच्या कार्डात बसवावा. तोही प्रकार छानच. पण कागदावरच्या दोऱ्यात जी मोकळी जागा दिसते ती त्यात नाही.

---

सदाशिवपेठी

खाक्याचा मुद्दा मान्य. रिंगाचा माझा मुद्दा मात्र कायम.

---

त्रैराशिक

मी निवृत्त गणित शिक्षक, सुई हातात धरायचा प्रसंग बटण तुटलं तरच. तरी या धाग्यावर लिहायचा मोह आवरत नाही.

सदाशिवपेठींनी बालवाडीचं नाव काढलं ते बरं केलं. किंडरगार्टनचे जनक फ्रोबेल यांनी मुलांच्या हस्तव्यवसायांत कागद टोचणं आणि टोचलेल्या कार्डावर शिवणं, दोन्ही ठेवलं होतं. आणि या कार्डांतून थेट गणितात नेणारी बाई म्हणजे मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६). तर्काच्या बीजगणितामुळे ज्यांचं नाव संगणकवाल्यांना पाठ असतं त्या जॉर्ज बूल यांची पत्नी, आणि ज्यांचं नाव शिखराला दिलं त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हे एव्हरेस्ट १८३० ते १८४३ आपल्याकडे सर्व्हेअर जनरल होते. मेरीबाईंचं म्हणणं असं की मुलाने सरळ दोरे ओढत जावं आणि त्यातून वक्ररेषा आपोआप उमटताना आधी बघावी. तिचं नाव, सूत्र वगैरे नंतर. मी हे वर्गात केलेलं आहे, फळ्यावर तासभर बोलून जे होत नाही ते होतं.

करून बघा. कार्डावर ३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ पेन्सिलीने अगदी फिकट काढा. कोनमापकाने दर १० अंशांवर खूण करा, ३६ खुणा होतील. दोन खुणांमध्ये ५ मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर येतं, म्हणजे रानजाईताईंच्या नियमात बसतं. टोचून घ्या आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने १ ते ३६ आकडे घाला.

पहिला प्रकार, सूर्य. प्रत्येक भोकातून दहा घरं पुढच्या भोकात. पुढून १ ते ११, मागून ११ ते १२, पुढून १२ ते २, मागून २ ते ३, पुढून ३ ते १३. असं केलं की मागे फक्त शेजारच्या भोकात जाणारे बारीक टाके राहतात, लांब दोरे सगळे पुढे. शेवटी प्रत्येक भोकात दोन दोरे येतात आणि मध्ये सुमारे १.९ सेंमी त्रिज्येचं रिकामं वर्तुळ उरतं. एकही गोल रेषा न काढता. पिवळा दोरा घ्या, संक्रांतीला सूर्य हवाच.

दुसरा प्रकार, बे चा पाढा. १ चा दोरा २ ला, २ चा ४ ला, ३ चा ६ ला, असं १८ चा ३६ ला. पुढे आकडा ३६ च्या वर गेला की ३६ वजा करायचे: १९ चा ३८, म्हणजे २ ला. २० चा ४ ला. ३६ चा स्वतःलाच येतो, तो सोडा. आणि १२–२४ ही रेघ दोनदा येते, एकदाच घाला. एकूण ३४ दोरे होतात. आकृती बदामाची येते, तिला कार्डिऑइड म्हणतात. कार्ड असं धरा की १८ नंबर वर येईल, म्हणजे बदामाची खाच वर दिसते. खाली टोक नसतं, गोलाई असते, त्याला माझा इलाज नाही.

---

रानजाई

सर, __/\__

सूर्य करायला घेतला आहे, एकपदरी पिवळा. तुमचा हिशेब पुढे नेते. पुढचा एक दोरा साधारण ४.६ सेंमी, असे ३६, अधिक मागचे बारीक टाके. म्हणजे दोन मीटरच्या आत सूर्य होतो. भरतकामाची लडी आठ मीटरची आणि सहापदरी, म्हणजे एकपदरी ४८ मीटर. एका लडीत टोकं वाया जाऊनही वीसेक सूर्य. कपाटातल्या लड्यांचं ओझं यंदा तरी कमी होणार नाही असं दिसतंय.

---

कोयरी

पोरींनो, सगळं वाचलं. मला एक कळेना, नक्षी शोधायला पुस्तकं कशाला हवीत? ठिपक्यांची रांगोळी काय आहे मग?

आमच्या लहानपणी रांगोळीचा ठिपक्यांचा कागद घरीच करायचो. जाड कागदावर पट्टीने खुणा करायच्या आणि पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडायचं. फार वेळ टेकवली की कागद पेटायचा, म्हणून टेकवली की उचलायची, फुंकर मारायची. भोकाची कड जळून करकरीत व्हायची, ती फाटायची नाही. मग कागद अंगणात ठेवून वरून रांगोळी पसरायची आणि हात फिरवायचा. उचलला की ठिपके तयार.

तर ज्ञानकमळ घ्या. मधे एक ठिपका, आठ दिशांना आठ रांगा, प्रत्येकीत पाच ठिपके. भोकं फक्त ४१. रांगोळीत रेघ वळवून काढतो, दोरा वळत नाही, सरळच जाईल. तरी कमळ ओळखू येतं, चांदणीसारखं जरा टोकदार होतं इतकंच. मधल्या ठिपक्याजवळ भोकं दाटतात तेवढं सांभाळा, पहिला ठिपका मध्यापासून थोडा लांब घ्या. कासव, गोपद्म, शंख हेही होईल. ज्या रांगोळीत गोलाई फार तिच्या वाटेला जाऊ नका.

---

खणचोळी

आक्का, उदबत्तीची भोकं! कार्डावर तसंच केलं तर? मोठं भोक, काळसर कड, आणि त्यातून जाड लोकरीचा दोरा.

---

कोयरी

कर की. पण खिडकी उघडी ठेव आणि शेजारी पाण्याची वाटी. हातकागदच घे, चकचकीत लेपाचा घेऊ नकोस, धुराला वास येतो.

---

पिको_फॉल

शिलाई मशीनने भोकं पाडली तर? दोरा न ओवता नुसती सुई चालवायची. हजार भोकं पाच मिनिटांत.

---

रानजाई

@पिको_फॉल, सरळ काठासाठी चालतं, मी टाक्याची लांबी सगळ्यात मोठी, म्हणजे चारवर ठेवते आणि चाक हाताने फिरवते. पण कागदाने सुई बोथट होते, ती मग कापडाला वापरू नका, कागदाची वेगळी ठेवा. आणि शिंप्याचं नक्षी उतरवायचं दातेरी चाक मात्र नको. त्याची भोकं इतकी जवळ पडतात की काठाची पट्टीच सुटून हातात येते.

---

मिरजकर

घडी कुठे घालायची? मी ए४ अर्धा कापून दुमडला तर घडीवर कागदाचा थर फुटला.

---

डेल्फ्टवासी

कागदाला आडवा-उभा धागा असतो. हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूला समांतर घडी घालायची. आधी संपलेल्या रिफिलने पट्टी लावून रेघ दाबून घ्या, मग दुमडा. अर्धा ए४ दुमडला की १४८ बाय १०५ मिलिमीटरचं कार्ड होतं, त्याला सी६ पाकीट बरोबर बसतं. भरतकाम घडीच्या आधी, कार्ड सपाट असताना. आणि घडीवर एकही टाका नको. हातकागदाला धागा फारसा जाणवत नाही, तिथे ही कटकट कमी.

---

नोकरीधंदा

कोणी विकतं का अशी कार्डं? काय भाव घ्यावा?

---

पिको_फॉल

सामान काही रुपयांचं आणि वेळ तासा-दोन तासांचा. वेळेचे पैसे लावले तर घेणारा पळतो, नाही लावले तर आपण. मी ऑर्डर घ्यायचं बंद केलं. ज्याला द्यावंसं वाटतं त्याला देते.

---

नोकरीधंदा

पण तेरा-चौदा वर्षांच्या लेकाला हा खटाटोप शिकवायला बरं आहे.

---

सायलीची_आई

मला पोस्टाचं विचारायचं होतं. पूर्वी संक्रांतीच्या कार्डात तिळगुळाची चिमूटभर पुडी घालून पाठवायचे, मावशीकडून दरवर्षी यायची. कार्डाच्या आत अजून तिळाचा वास असायचा. या कार्डात तसं घालता येईल का? आणि फ्रेंच नॉट शिक्क्याखाली चेपणार नाहीत का?

---

रानजाई

@सायलीची_आई, पुडी घाला, पण गूळ पाझरतो आणि तेल सुटतं, सुती कागदावर डाग पडला की गेला. हलव्याचे पाच-सहा दाणे घाला. बटरपेपरच्या छोट्या पाकिटात, आणि ते कार्डाच्या आत मागच्या पानावर. पुढच्या भरतकामाच्या मागे एक पातळ कागद चिकटवून घ्या, टेप आणि टाके झाकले जातात. लिहायलाही तोच कागद. चिकटवायला ग्लू स्टिक, चारी कडांना.

पाकीट पेटीत टाकू नका. खिडकीवर द्या आणि हातानेच शिक्का मारा म्हणून सांगा, तिकीट लावलेल्या कोपऱ्याखाली नक्षी येणार नाही असं कार्ड आत घाला. आमच्या पोस्टातल्या ताई ऐकतात. पाकिटात कार्डाच्या मापाचा एक पुठ्ठा सरकवा, वजन थोडं वाढतं पण गाठी वाचतात.

---

सदाशिवपेठी

नातीबरोबर बे चा पाढा करून पाहिला. रिंग न वापरता. दोऱ्याचा ताण सारखा ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही, हे नोंदवतो. एक सैल राहिला की शेजारचे दोन उगाच ताठ वाटतात. नातीचा प्रश्न: तीनचा पाढा घेतला तर काय येईल?

---

त्रैराशिक

वा! नातीला शाबासकी सांगा. दोन खाचा येतात, समोरासमोर. या आकृतीचं नाव नेफ्रॉइड. १८ आणि ३६ स्वतःलाच येतात, ते सोडा, आणि ९–२७ दोनदा येते. पण एक सावधगिरी. बे च्या पाढ्यात सम आकड्यांच्या भोकांत फार तर तीन दोरे येतात. तीनच्या पाढ्यात तीनने भाग जाणाऱ्या भोकांत चारपर्यंत येतात आणि बाकीच्यांत एकेकच. कागद तिथे फाटू शकतो.

---

रानजाई

मग तिथे भरतकामाचा दोरा नको, शिवणाचा एकेरी घ्या, तो बारीक असतो. सदाशिवपेठी काका, संक्रांतीला बे चं पाठवा. तीनचं रथसप्तमीपर्यंत झालं तरी चालेल, तोवर तिळगूळ देता येतो.

---

सदाशिवपेठी

नात म्हणते, आधी तीनचं. शिवणाचा दोरा कुठल्या नंबरच्या सुईत ओवायचा?

---

रानजाई

दहाच्याच.